नळाचे पाणी बदलल्यापासून हरभरे शिजेनासे झाले आहेत

प्रश्न : मागचे अंगण

गेली २२ वर्षे मी याच घरात स्वयंपाक करते आहे आणि हरभरे किती वेळात शिजतील हे मला घड्याळाकडे न पाहता सांगता येत असे. गेल्या तीन-चार महिन्यांपासून मात्र तो अंदाज साफ चुकू लागला आहे. रात्रभर भिजवलेले हरभरे कुकरमध्ये पाऊण तास ठेवले, तरी झाकण उघडल्यावर साले सुटून वर तरंगत असतात आणि आतला दाणा दोन बोटांत दाबला, तर चेपण्याऐवजी खडूसारखा तुटतो. डाळीचेही तसेच आहे. ती शिजते, पण कितीही घोटली तरी एकजीव होत नाही. घरातले कोणी काही बोलत नाही, परंतु ताटाच्या कडेला काढून ठेवलेले गणंग मला दिसतात.

सुरुवातीला मी कुकरच्या रिंगला दोष दिला आणि ती बदलली. मग आणखी काही गोष्टी लक्षात आल्या. चहा कपात ओतून दोन मिनिटे ठेवला की त्यावर पातळ, चकचकीत तवंग धरतो आणि चमचा फिरवला की त्याला तडे जातात. भात पूर्वीसारखा पांढराशुभ्र न होता किंचित पिवळट दिसतो. पाणी तापवण्याच्या पातेल्याला आतून पांढरे पुट चढले आहे, जे घासणीने निघत नाही.

आमचे शहर लहान आहे. पूर्वी सगळीकडे धरणाचे पाणी येत असे, पण कडेला नव्या वसाहती झाल्यापासून ते पुरेनासे झाले आणि आमच्या भागात त्यात कूपनलिकेचे पाणी मिसळले जाऊ लागले. चौकशी केली तेव्हा पाणी पिण्यास योग्य आहे, एवढेच उत्तर मिळाले. ते खरेही असावे, कारण आजारी कोणी पडलेले नाही. परंतु पिण्यास योग्य असलेले पाणी शिजवण्यास अयोग्य असू शकते का? की दुकानातून येणारे धान्यच बदलले आहे? सोडा घालण्याचा सल्ला शेजारी देतात, पण सासूबाईंचा त्याला ठाम विरोध आहे, आणि मीठ आधी घातले तर दाणे कधीच शिजत नाहीत, असेही त्या सांगतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : तिसरा मजला

आमच्याकडेही हाच त्रास होता. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजण्याचे पेनासारखे यंत्र मिळते, ते पाण्यात बुडवून आकडा पाहावा, आणि आकडा मोठा आला तर सरळ क्षार गाळून काढणारे आरओ यंत्र बसवावे. आम्ही बसवले आणि तेव्हापासून या विषयाचा विचार करावा लागलेला नाही.

उत्तर : फळा आणि खडू

मी अनेक वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, त्याबद्दल क्षमस्व. ताई, तुम्ही सांगितलेल्या चारही खुणा एकाच दिशेला बोट दाखवतात. हे पाणी जड, म्हणजे पुस्तकी भाषेत दुष्फेन असावे. जमिनीत मुरलेले पाणी खडकांतून वाट काढताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते. धरणात साठणारे पावसाचे पाणी खडकाच्या सहवासात तितका काळ नसते, म्हणून ते बहुधा हलके असते. कठीणपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मोजतात. लिटरमागे ६० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी मृदू आणि १८०च्या वरचे अतिशय कठीण, अशी एक प्रचलित वर्गवारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घालून दिलेली नाही. त्यामुळे तुम्हाला मिळालेले उत्तर खोटे नाही, पण ते तुमच्या प्रश्नाचे उत्तरही नाही.

आता दाण्याकडे वळू. वनस्पतींच्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या पेक्टिन नावाच्या द्रव्यामुळे. दाणा शिजतो म्हणजे मुख्यतः हे पेक्टिन उष्णतेने विरघळून पेशी सुट्या होतात, आणि म्हणूनच तो बोटचेपा लागतो. पाण्यातले कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना टाचे मारल्यासारखे धरून ठेवते. मग पेशी सुट्या होत नाहीत आणि दाणा तुमच्या वर्णनाप्रमाणे खडूसारखा तुटतो. हे टाचे भिजवतानाच पडू लागतात, त्यामुळे चांगले पाणी थोडेच मिळत असेल, तर ते भिजवण्यासाठी आणि शिजवण्यासाठी राखावे आणि धुण्याचे काम नळाच्या पाण्यावर भागवावे. बहुतेक घरांत नेमके उलट होते. भिजत घालायला कोणतेही पाणी चालते, असे आपण धरून चालतो.

मिठाविषयी सासूबाईंची समजूत फार जुनी आहे आणि ती सर्वत्र आढळते, परंतु अनुभव तिच्या विरुद्ध आहे. मिठातले सोडियम सालीतल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची जागा घेते, आणि सोडियमला असे टाचे मारता येत नाहीत. लिटरभर पाण्यात सुमारे १५ ग्रॅम मीठ घालून दाणे रात्रभर भिजवावेत, सकाळी ते पाणी टाकून दाणे धुवावेत आणि मग शिजवावेत. साल लवकर मऊ पडते. दाणा शिजू न देणारा खरा पदार्थ म्हणजे आंबट. चिंच, टोमॅटो किंवा लिंबू हे दाणा पूर्ण शिजल्यावरच घालावे.

सोड्याच्या बाबतीत मात्र मी निम्मा सासूबाईंच्या बाजूने आहे. सोड्याने पाणी अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाचे, होते आणि पेक्टिन झपाट्याने सुटते, यात शंका नाही. पण अल्कधर्मी पाण्यात उकळल्याने ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते आणि हात जरा सैल सुटला की चवीला साबणाची झाक येते. घालायचाच झाला, तर लिटरभर पाण्याला चहाचा पाव चमचा पुरे.

तुमचा भात पिवळट दिसतो त्याचेही कारण इथेच आहे. पाण्यात बायकार्बोनेट असले, तर ते उकळताना अल्कधर्मी होत जाते आणि तांदळातली मूळची रंगहीन रंगद्रव्ये अशा पाण्यात पिवळी पडतात. आधणात लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकून पाहा. चहावरचा तवंगही कॅल्शियम, बायकार्बोनेट आणि चहातली तुरट द्रव्ये यांचा हवेशी संबंध येऊन तयार होतो. बिनदुधाच्या चहात लिंबू पिळले तर तो धरत नाही.

वर टीडीएसच्या यंत्राचा उल्लेख आला आहे. ते यंत्र पाण्यातून वीज किती वाहते यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते आणि त्यात साधे मीठही धरले जाते. म्हणजे आकडा मोठा असून पाणी हलके असू शकते. घरच्या घरी साबणाची परीक्षा अधिक उपयोगाची आहे. पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश पाणी घ्यावे, त्यात शुद्ध साबणाच्या द्रावणाचे आठ-दहा थेंब टाकावेत आणि जोराने हलवावे. वर भरघोस फेस आणि खाली नितळ पाणी राहिले तर पाणी हलके. फेस नावापुरता आणि पाणी दुधाळ झाले तर जड. भांडी घासण्याचे द्रव यासाठी घेऊ नये, कारण ते जड पाण्यातही फेस देण्यासाठीच बनवलेले असते.

उत्तर : मोठी पातेली

सरांचे सगळे मान्य करूनही मला एक शंका मांडायची आहे. मी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात रोज ६० जणांचे जेवण पाहते, आणि आमचे पाणी कधीही बदललेले नसताना वर्षातून एकदा तरी हरभऱ्यांचे असे पोते येतेच की ज्याच्यापुढे हात टेकावे लागतात. अशा वेळी दोष पाण्याचा नसतो, साठवणीचा असतो. उष्ण आणि दमट जागी महिनोन्महिने पडून राहिलेले कडधान्य आतूनच घट्ट होत जाते. दाण्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो, तो कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून ठेवतो. साठवणीत तो हळूहळू मोडतो आणि सुटे झालेले कॅल्शियम पेक्टिनला जाऊन मिळते. म्हणजे सर ज्यांना टाचे म्हणतात, ते दाणा स्वतःच स्वतःला मारून घेतो.

म्हणून ताईंनी आधी हे पाहावे की बिघाड पाण्याचा आहे, धान्याचा आहे की दोन्हींचा. त्यासाठी थोडे नव्या हंगामाचे हरभरे आणावेत आणि जुन्या पाण्याची सोय असलेल्या नातेवाइकांकडून एक कॅन भरून आणावा.

एक गोष्ट विषयाला थोडी सोडून, पण महत्त्वाची आहे. राजमा शिजत नाही म्हणून तो मंद आचेवर तासन्‌तास ठेवण्याचा मोह कोणीही करू नये. कच्च्या राजम्यातल्या लेक्टिनमुळे जोराच्या उलट्या होतात आणि ते नष्ट होण्यासाठी दाणे किमान १० मिनिटे, खरे तर अर्धा तास, खळाखळा उकळावे लागतात. अर्धवट शिजलेला राजमा टाकून देणे परवडले.

पुन्हा : मागचे अंगण

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे केले, आणि निकाल माझ्या अपेक्षेहून वेगळा आला, म्हणून सविस्तर लिहिते.

माझी नणंद जुन्या पेठेत राहते आणि तिच्याकडे अजून केवळ धरणाचे पाणी येते. तिच्याकडून कॅन भरून आणला. साबणाच्या परीक्षेत तिच्या पाण्यावर बाटलीच्या गळ्यापर्यंत फेस आला आणि आमच्या पाण्यात दह्याच्या कण्यांसारखे पांढरे काहीतरी तरंगू लागले. मग डब्यातले जुने आणि नव्याने आणलेले हरभरे, प्रत्येकी ५० ग्रॅम, दोन्ही पाण्यांत वेगवेगळे भिजवले आणि कुकर न वापरता चार सारख्या पातेल्यांत झाकण ठेवून उकळले. शेगड्या दोनच असल्याने जोड्या लावून काम केले आणि त्यात सुटीची सकाळ गेली.

नवे हरभरे धरणाच्या पाण्यात ५५ मिनिटांत बोटचेपे झाले. तेच हरभरे आमच्या नळाच्या पाण्यात शिजायला दीड तासाच्या वर लागला, पण शिजले. जुने हरभरे धरणाच्या पाण्यातही पावणेदोन तास पुरवले तेव्हा कुठे खाण्याजोगे झाले, आणि आमच्या पाण्यात अडीच तासांनंतरही त्यांत गणंग उरले होतेच. म्हणजे मी सगळा दोष पाण्याला देत होते, पण माझा डबाही तितकाच अपराधी निघाला. वर्षाचे धान्य एकदम भरून ठेवण्याची आमची सवय आहे, आणि तो डबा शेगडीच्या वरच्या फळीवर असतो, जिथे दिवसभर ऊब आणि वाफ लागते. त्याची जागा मी त्याच दिवशी बदलली.

दुसऱ्या दिवशी जुनेच हरभरे आमच्याच पाण्यात मीठ घालून भिजवले, धुतले आणि कुकरमध्ये अर्धा तास ठेवले. साले मऊ झाली आणि दाणा चेपला गेला. सासूबाईंनी एक दाणा उचलून खाल्ला आणि “पाणी बदलून आणलेस का?” एवढेच विचारले. मीठ घातल्याचे मी अजून सांगितलेले नाही.

दोन प्रश्न उरले आहेत. पाणी उकळून गार केले, तर ते हलके होते का? आणि नळालाच पाणी हलके करणारे यंत्र बसवावे असे घरात चालले आहे, पण सासऱ्यांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले आहे. त्याचा यंत्राशी काही संबंध येतो का?

उत्तर : फळा आणि खडू

तुमचा प्रयोग वर्गात दाखवावा इतका नेटका झाला आहे, आणि मी स्वतः धान्याच्या वयाचा विचार केला नव्हता, हे कबूल करतो.

उकळण्याने कठीणपणाचा एकच भाग जातो. कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात असेल, तर उकळताना त्याचे न विरघळणारे कार्बोनेट होऊन ते खाली बसते. तुमच्या पातेल्याचे पांढरे पुट म्हणजे तेच. सल्फेट किंवा क्लोराइडच्या रूपातला कठीणपणा मात्र कितीही उकळले तरी जात नाही. १० मिनिटे उकळलेले पाणी झाकून रात्रभर ठेवावे, वरचे अलगद ओतून घ्यावे आणि त्याची पुन्हा साबणाची परीक्षा करावी. फरक दिसला तर रोजच्या भिजवणीपुरते हे परवडेल. पुट काढण्यासाठी लिंबूसत्त्वाचे कोमट पाणी पातेल्यात घालून तासभर ठेवा, बुडबुडे येऊन ते सुटेल.

यंत्राविषयीची शंका रास्त आहे. पाणी हलके करणारी यंत्रे कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्यांच्या जागी सोडियम सोडतात, आणि लिटरमागे १०० मिलिग्रॅम कठीणपणा काढताना पाण्यात सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम येते. निरोगी माणसाला ते जाणवणार नाही, पण सासऱ्यांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते पाणी पिण्यास आणि स्वयंपाकास देऊ नये. स्वयंपाकघराचा नळ यंत्रापासून वेगळा ठेवता येतो. आरओ यंत्रात ही अडचण येत नाही, कारण त्यात क्षारांची अदलाबदल होत नाही, ते बहुतांशी गाळलेच जातात. मात्र त्यातून बरेच पाणी वाया जाते आणि ते धुण्या-पुसण्यासाठी साठवण्याची तयारी हवी. मीठ घालून भिजवलेल्या दाण्यांतही थोडे मीठ राहते, तेव्हा सासऱ्यांसाठीचे दाणे नणंदेच्या पाण्यात साधेच भिजवावेत.

उत्तर : मोठी पातेली

जुने हरभरे अजून पुष्कळ उरले असतील, तर त्यांच्याशी रोज झुंजत बसू नका. मंद आचेवर कोरडे भाजा आणि दळून आणा. पीठ केल्यावर दाणा मऊ होण्याची वाट पाहावी लागत नाही.

पुन्हा : मागचे अंगण

चार किलो उरले आहेत. उद्याच दळायला टाकते.