मुलाच्या मणक्यातील ऑस्टिऑइड ऑस्टिओमा : सुईने जाळावा की शस्त्रक्रियेने काढावा?

प्रश्न (पालक): माझ्या 14 वर्षांच्या मुलाची कंबर बरेच महिने रात्री ठणकते आणि पाठ एका बाजूला झुकू लागली आहे. एमआरआयमध्ये कंबरेच्या तिसऱ्या मणक्याभोवती सूज दिसल्याने आधी क्षयाची शंका घेतली गेली. सीटी स्कॅननंतर मात्र ऑस्टिऑइड ऑस्टिओमाचे, म्हणजे हाडातील छोट्या, कर्करोग नसलेल्या गाठीचे निदान झाले. एक डॉक्टर रेडिओफ्रीक्वेन्सीने (सुईतून दिलेल्या उष्णतेने) गाठ जाळण्यास सांगतात, तर दुसरे शस्त्रक्रियेचा आग्रह धरतात. निर्णय कशावरून घ्यावा?

उत्तर 1 (अस्थिशल्यचिकित्सक): रात्री वाढणारे आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळीने उतरणारे दुखणे ही या गाठीची जुनी खूण आहे, कारण तिचा गाभा प्रोस्टाग्लँडिन हे वेदना वाढवणारे रसायन तयार करतो आणि ही गोळी नेमके तेच रोखते. एमआरआयमध्ये भोवतालची सूज इतकी ठळक दिसते की जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा गाभा तिच्यात हरवून जातो. म्हणून पातळ छेदांचा सीटी स्कॅनच निर्णायक ठरतो. गाठ 2 सेंटिमीटरहून मोठी असल्यास ऑस्टिओब्लास्टोमा या तिच्यासारख्याच पण मोठ्या गाठीचा विचार करावा लागतो. ती पुन्हा उद्भवण्याची भीती अधिक, त्यामुळे शस्त्रक्रियाही मोठी होते.

पाठीचा बाक स्नायू आखडल्याने येतो आणि गाठ बहुधा त्याच्या आतल्या बाजूला असते. गाठ वेळेत निघाली तर तो बहुतेक वेळा सरळ होतो. वर्ष-सव्वा वर्ष उलटल्यावर मात्र तो कायम राहण्याची शक्यता वाढते. त्यामुळे केवळ गोळ्यांवर दिवस काढणे मला या वयात पटत नाही.

उत्तर 2 (रेडिओलॉजिस्ट): निवड मुख्यतः गाभा आणि मज्जारज्जूचे आवरण किंवा मज्जातंतूचे मूळ यांतील अंतरावर ठरते. मध्ये हाडाची अखंड भिंत असेल, तर सीटीच्या मार्गदर्शनाखाली सुई घालून सुमारे 90 अंश सेल्सियसला काही मिनिटे गाभा जाळता येतो आणि मूल लवकर घरी जाते. सुई आत असतानाच तपासणीसाठी तुकडा घ्यायला सांगा. जाळल्यानंतर निदान पक्के करणे अवघड होते.

पालक: अहवालानुसार गाभा लॅमिनात (मणक्याच्या मागच्या कमानीत) असून मज्जारज्जूच्या पोकळीकडील हाडाची भिंत विरलेली आहे. पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा नाही.

उत्तर 1 (अस्थिशल्यचिकित्सक): मग माझा कल शस्त्रक्रियेकडे आहे. लॅमिनातील गाभा थेट डोळ्यांसमोर पूर्ण काढता येतो. फॅसेट सांधा (मणक्यांना मागून जोडणारा छोटा सांधा) फारसा काढावा लागला नाही, तर स्क्रू आणि सळ्यांची गरजही सहसा पडत नाही. तो सांधा किती वाचेल, हे शल्यचिकित्सकांना आधीच विचारून घ्या.