मदत हवी आहे: लेकीला शाळेत क्वायर शिकवायचाय. पदवी, ऑडिशन आणि पुढच्या नोकऱ्यांबद्दल

निवडुंग

नमस्कार मंडळी,

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. लेक हायस्कूलच्या ज्युनियर वर्षात आहे, म्हणजे आपली अकरावी. मिडल स्कूलपासून शाळेच्या क्वायरमध्ये, म्हणजे समूहगानात, गातेय. यंदा ऑल-स्टेटच्या (राज्यभरातून निवडलेल्या मुलांच्या क्वायरच्या) चाचण्यांत रीजनची फेरी पार करून एरियाच्या फेरीपर्यंत पोचली, सॅन अँटोनिओला होणारं ऑल-स्टेट मात्र हुकलं. खट्टू होईल असं वाटलं होतं, तर घरी येऊन म्हणते कशी, मला युनिव्हर्सिटीत कोरल म्युझिक एज्युकेशनच करायचंय. गायिका नाही, क्वायर डिरेक्टर व्हायचंय.

आम्ही दोघंही आयटीतले. विरोध नाही, पण या वाटेची काडीची माहिती नाही. ओळखीतल्या सगळ्यांची मुलं कॉम्प्युटर सायन्स नाहीतर प्री-मेड. तिच्या बाबांचं 'मायनर (दुय्यम विषय) म्हणून घे की' हे पालुपद चालू आहे. मुलगी इथेच जन्मलेली, त्यामुळे व्हिसाचा घोर नाही.

लहानपणापासून ती हिंदुस्थानी शिकतेय, गांधर्व मंडळाच्या प्रवेशिका पूर्णपर्यंतच्या परीक्षा झाल्यात. पेटी वाजवते, पियानो येत नाही. स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) शाळेत शिकली तेवढंच. डेंटनचं युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ टेक्सस, सॅन मार्कोसचं टेक्सस स्टेट आणि ऑस्टिनचं युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सस अशी तिची यादी आहे. ऑस्टिनला 'म्युझिक एज्युकेशन' सापडत नाही, 'म्युझिक स्टडीज' दिसतं. ते हेच का?

पियानोवाचून प्रवेश मिळेल का, आपलं गाणं तिथे कामाला येईल की आड येईल, चार वर्षं नेमकं काय शिकवतात, आणि शाळा सोडून या पदवीवर दुसरं काही करता येतं का? कोणी या क्षेत्रात असेल तर कृपया लिहा. 'तिला आवडेल ते करू द्या' हा सल्ला नको, तो माझी आई रोज फोनवर देते.

शंकासुर

पगाराचं बघितलंत का? इथे शिक्षकांचे हाल आपण सगळेच ऐकतो. त्यात बजेट कापायची वेळ आली की पहिली कुऱ्हाड संगीत-चित्रकलेवर. सीएस करून चर्चच्या नाहीतर गावातल्या क्वायरमध्ये हौसेने गाता येतंच की. कटू वाटेल, पण लिहिलं.

काळीचार

निवडुंग, मी टेक्ससमध्येच मिडल स्कूलला क्वायर शिकवते, त्यामुळे लांबण लागणार.

हो, 'म्युझिक स्टडीज' हेच. ऑस्टिनला शिक्षक होण्याची बॅचलर ऑफ म्युझिक त्याच नावाने आहे. राज्याचं सर्टिफिकेटही एकच, म्युझिक ईसी-१२. बालवर्गापासून बारावीपर्यंत, आणि बँड, ऑर्केस्ट्रा, क्वायर सगळं त्यात. कागदोपत्री ती उद्या ट्रॉम्बोनही शिकवू शकेल! त्यासाठी विषयाची एक आणि अध्यापनाची एक अशा परीक्षा द्याव्या लागतात.

चार वर्षांत काय, तर अर्धी पदवी संगीताची आणि अर्धी शिक्षकाची, आणि दोन्ही अर्धी पूर्ण मापाची. थिअरी आणि कानाची तयारी पहिली दोन वर्षं सतत. गळ्याचं वैयक्तिक शिक्षण. जवळपास दर सेमिस्टरला क्वायर, ज्याला क्रेडिट नावापुरतं आणि तालमी भरपूर. कंडक्टिंग. इटालियन, जर्मन, फ्रेंच गाण्यांचे उच्चार. मग वयात येणाऱ्या मुलांचा आवाज, लहान मुलांना संगीत कसं शिकवायचं, क्वायर उभा कसा करायचा, शाळांत जाऊन वर्ग बघणं. शेवटचं सेमिस्टर अख्खं शाळेत, स्टुडंट टीचिंगसाठी. तेव्हा युनिव्हर्सिटीची फी भरून बहुतेकांनी बिनपगारी राबायचं असतं. मी अजून चिडते त्यावर.

पियानो येत नाही म्हणून प्रवेश सहसा अडत नाही. गटात शिकवतात, आणि मग प्रोफिशियन्सी परीक्षा असते: स्केल्स, दिलेल्या चालीला कॉर्ड लावणं, पट्टी बदलून वाजवणं, आणि क्वायरवाल्यांना सगळ्यात छळणारं म्हणजे चार आवाजांच्या चार ओळी एकदम वाचून वाजवणं. ती पास होईपर्यंत बऱ्याच ठिकाणी स्टुडंट टीचिंगला सोडत नाहीत. पेटीवाल्या मुलांचा उजवा हात तयार असतो, डावा भाता मारण्यात गेलेला असतो. उन्हाळ्यापासून शिकवणी लावाच.

आता आपलं गाणं. आधी अडचणी. आपल्या मुली काळी चार-पाचच्या आसपास सा लावून भरीव, छातीच्या आवाजात गातात. क्वायरला वरचा, हलका हेड व्हॉइस लागतो, आणि तो वेगळा कमवावा लागतो. स्वरावर खालून मींड घेत येण्याची सवय चार आवाजांत लगेच उघडी पडते. त्याहून अवघड म्हणजे आपला कान एका सा ला बांधलेला. आल्टोला (बायकांच्या खालच्या आवाजाला) मात्र वर सोप्रानो (बायकांचा वरचा आवाज) आणि खाली टेनर (पुरुषांचा वरचा आवाज) असताना मधला गंधार नाहीतर पंचम धरून बसायचं असतं, आणि गाण्याच्या मध्येच सा बदलतो. पहिल्या वर्षी माझी भंबेरी उडायची.

पण तंबोऱ्यावर घासलेल्या कानाला सुराचा बारीक फरक जो कळतो, तो वर्गातल्या बहुतेकांना कळत नाही. शिवाय टेक्ससच्या शाळांत सोल्फेजचा (डो-रे-मी म्हणत स्वर गाण्याच्या पद्धतीचा) 'डो' सरकता असतो, पट्टी कुठलीही असो, आधारस्वर डो, आपल्या सा सारखाच. मायनर स्केल आलं की बहुतेक ठिकाणी 'ला' आधार धरतात आणि आपली मुलं गोंधळतात. तिला सांगा, बिलावलचा धैवत सा मानून केलेली मूर्च्छना आहे ही. लगेच उमगेल. काही युनिव्हर्सिट्यांत मायनरलाही डोच धरतात, काहींत डो कायम सी वर ठेवतात, तेव्हा कुठे काय चालतं ते आधी विचारा.

आणि हो, रीना इस्माइल यांच्यासारख्या संगीतकारांमुळे राग आणि तबल्याचे बोल आता अमेरिकन क्वायरमध्ये गायले जातात. अशी रचना आली की सगळे आपल्याकडे बघतात. मजा वाटते, पण 'आमची इंडियन म्युझिकवाली' हा शिक्का बसू देऊ नये. बाख आणि ब्राम्सही तिला तितक्याच हक्काने शिकवता आले पाहिजेत.

@शंकासुर, डॅलसच्या आसपास बऱ्याच स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये नव्या शिक्षकाला ६० हजार डॉलरच्या आगेमागे मिळतात. हेड डिरेक्टरला वर स्टायपेंड (जादा भत्ता) आणि जास्तीच्या दिवसांचा पगार. डिस्ट्रिक्टचे पगारतक्ते ऑनलाइन असतात, बघून घ्या. खरी गोम पुढे आहे. पंधरा वर्षांनंतरचा आकडा सुरुवातीच्या आकड्यापासून फार लांब गेलेला नसतो. निवृत्तीसाठी शिक्षकांची टीआरएस पेन्शन आहे, पण बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये सोशल सिक्युरिटी (केंद्र सरकारची पेन्शन) कापली जात नाही, हे तरुण पोरांना कोणी सांगत नाही. क्वायर बंद पडण्याची भीती मात्र इथे तुम्ही म्हणता तेवढी नाही. टेक्ससला शाळांच्या स्पर्धांचं वेड आहे. वसंतात यूआयएलला (राज्यातल्या आंतरशालेय स्पर्धांना) परीक्षकांपुढे आधी तयार गाणी आणि मग कधी न पाहिलेलं गाणं गायचं असतं, आणि 'वन' (सगळ्यात वरचा शेरा) मिळाला का हे प्रिन्सिपलपासून सगळे विचारतात.

तळ्यातमळ्यात

माझ्या भाच्याने मिनेसोटात हीच पदवी केली. तिकडे नॉर्वेजियन लुथरन लोकांमुळे क्वायरची जुनी परंपरा आहे, सेंट ओलाफ कॉलेजचा क्वायर १९१२ पासूनचा. तो काही वर्षं हायस्कूलला शिकवून आता म्युझिक थेरपीकडे वळलाय. संगीताची पदवी असेल तर ते शिक्षण पुन्हा पहिल्यापासून करावं लागत नाही, पण इंटर्नशिप धरून १२०० तासांचं क्लिनिकल प्रशिक्षण आणि बोर्डाची परीक्षा आहे.

त्याच्या बरोबरचे कोण कुठे? एक चर्चमध्ये संगीत संचालक, एक एलिमेंटरीला कोडाय पद्धतीने (गाण्यातूनच संगीत शिकवण्याच्या हंगेरियन पद्धतीने) शिकवते, एकजण कंडक्टिंगमध्ये मास्टर्स करतोय. कॉलेजात शिकवायचं तर पुढे डॉक्टरेट लागते, आणि म्युझिक एज्युकेशनच्या प्राध्यापकाला आधी शाळेत शिकवल्याचा अनुभव मागतात. सरळ पीएचडीकडे धावून उपयोग नाही.

निवडुंग

सगळ्यांचे मनापासून आभार. शंकासुर, तुमचाही प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, त्याला फार आवडला. :) काळीचार, मूर्च्छनेचं लेकीला सांगितलं तर 'ओ माय गॉड' म्हणून वही घेऊन बसली.

अजून दोन शंका. ऑडिशन कधी आणि कशी असते? आणि गाण्याची हौस असलेल्या मुलीला शिकवणंही आवडेल हे आत्ता कसं ओळखायचं? मला याचीच धास्ती आहे. स्टेजवर ही खुलते, पण धाकट्या भावाचा गृहपाठ घ्यायला सांगितलं की दहा मिनिटांत आरडाओरडा.

काळीचार

भावंडावरून काही ठरवू नका, मी माझ्या भावाला आजही काही शिकवू शकत नाही.

युनिव्हर्सिटीचा प्रवेश आणि स्कूल ऑफ म्युझिकचा प्रवेश वेगळे, दोन्ही मिळावे लागतात. अर्ज सीनियर वर्षाच्या सुरुवातीला, काही ठिकाणी आधी व्हिडिओ मागतात, प्रत्यक्ष ऑडिशन साधारण जानेवारी-फेब्रुवारीत. वेगवेगळ्या धाटणीची दोन-तीन गाणी, त्यात एक इंग्रजी आणि एक बहुतेकदा इटालियन, शिवाय साइट-सिंगिंग (आधी न पाहिलेलं नोटेशन वाचून गाणं). बंदिश किंवा पॉप गाणं चालत नाही. एज्युकेशनवाल्यांची बऱ्याचदा मुलाखतही घेतात, आणि तिथे 'मला गायला आवडतं' एवढंच उत्तर कमी पडतं. ऑल-स्टेट हुकलं त्याची काळजी नको. आमच्या वर्गात न पोचलेले बरेच होतो.

दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर एकच: तिला सातवीच्या मुलग्यांच्या क्वायरमध्ये बसवा. हायस्कूलचा टॉप क्वायर बघून सगळ्यांनाच डिरेक्टर व्हावंसं वाटतं. पहिली नोकरी मात्र मिडल स्कूलला असिस्टंट म्हणून मिळायची शक्यता जास्त, आणि तिथे समोर आवाज फुटलेली तीस पोरं असतात. कालपर्यंत सोप्रानो गाणाऱ्याला आज चार-पाचच स्वर येतात, तो लाजून तोंड मिटून बसतो, आणि त्याला त्या चार स्वरांत बसेल अशी ओळ लिहून देणं हे आपलं काम. तिच्या शाळेचा क्वायर ज्या मिडल स्कूलमधून भरतो, तिथल्या डिरेक्टरला विचारून तिने रीजनच्या गाण्यांच्या तालमींना मदत करावी, एक सोमवार करून नाही, अख्खा ऑगस्ट ते ऑक्टोबर. त्यानंतरही हेच करायचंय म्हणाली तर पियानोच्या मास्तरांना ॲडव्हान्स देऊन टाका.

ती सोप्रानो आहे की आल्टो ते कळवा, ऑडिशनसाठी गाणी सुचवते.