सेकंडहँड गाडी घेतली खरी, पण हे बटण कशाचं?

दोन महिन्यांपूर्वी आठ वर्षं वापरलेली गाडी घरी आणली. कागदपत्रं, दोन किल्ल्या, स्टेपनी, जॅक, सगळं मोजून घेतलं. मॅन्युअल तेवढं नव्हतं. "त्यात काय बघायचंय, सगळ्या गाड्या सारख्याच," असं आधीचे मालक म्हणाले आणि मीही मान डोलावली.

पहिल्याच वळणावर रखरखीत उन्हात वायपर सुरू झाले. माझ्या जुन्या गाडीत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला होती, हिच्यात ती डावीकडे. घाबरून तीच दांडी ओढली तर काचेवर पाण्याचा फवारा. मागचा हॉर्न बडवतोय आणि मी वळणार असल्याचं जगाला काच धुऊन कळवतोय. हे आठवडाभर चाललं. बायको दर वळणाला शांतपणे "पाऊस आला वाटतं" एवढंच म्हणायची.

मग रिव्हर्सचं प्रकरण. गाडी भिंतीकडे तोंड करून लावली आणि निघताना रिव्हर्स पडेना. गिअरच्या मुठीवर 'आर' पहिल्याच्या शेजारीच आहे, पण तिकडे ढकललं की पहिलाच पडायचा आणि गाडी भिंतीकडे आणखी वीतभर सरकायची. तिसऱ्या खेपेला मागे बसलेल्या मुलीने हात पुढे करून मुठीखालची रिंग दोन बोटांनी वर उचलली. रिव्हर्स पडला. तुला कसं कळलं म्हणून विचारलं, तर म्हणे, "ती रिंग उगाच असेल का तिथे?"

एक कोडं मात्र अजून सुटलेलं नाही. स्टेअरिंगच्या उजवीकडे, गुडघ्याच्या जरा वर एक दातेरी चाक आहे. त्यावर ० ते ३ आकडे. गाडी आली तेव्हापासून ते ३ वर आहे. दिवसा फिरवून पाहिलं, काही म्हणजे काही होत नाही. कोणाला माहीत असेल तर सांगा, आणि आपापले अनुभवही लिहा. फजितीचे आधी.

*

डॅशबोर्डच्या दिव्यांचा उजेड कमीजास्त करायचं असेल. माझ्या गाडीत तसंच चाक आहे. रात्री फिरवून बघा.

*

माझी फजिती पावसातली. गाडी घेतल्यावर पहिल्याच पावसात समोरची काच आतून धुरकट व्हायला लागली. एका हातात स्टेअरिंग, दुसऱ्या हातात फडकं. पुसलं की मिनिटभरात पुन्हा तेच. काचेचं रबर गेलंय, पाणी आत येतंय, असं मी ठरवूनही टाकलं होतं.

दोष निघाला एका बटणाचा. गाडीचं चित्र आणि तिच्या पोटात गोल वळलेला बाण. ते दाबलेलं असलं की बाहेरची हवा बंद आणि आतलीच हवा पुन्हापुन्हा फिरते. गाडीत चार माणसं श्वास सोडतायत, त्यातली वाफ जाणार कुठे? गार काचेवर. आधीच्या मालकांना धुळीचं वावडं असावं, त्यांनी ते बटण कायमचं दाबून ठेवलेलं. मी त्याच्याकडे कधी पाहिलंच नाही.

आता काच धुरकटली की ते बटण बंद, हवेचा झोत काचेवर, एसी चालू आणि तापमानाचा खटका गरमकडे. एसी आणि गरम एकत्र कसं, म्हणून मी मेकॅनिकशी वाद घातला होता. पण एसी हवा गार करताना तिच्यातलं पाणीही काढून घेतो, आणि कोरडी गरम हवा काच झटक्यात साफ करते. आमच्याकडे एसी म्हणजे फक्त गारवा, अशी समजूत होती.

मागच्या काचेवरच्या आडव्या रेघा मला नक्षी वाटायच्या. त्या तापणाऱ्या तारा आहेत. त्यांचं बटण थोड्या वेळाने आपोआप बंद व्हायचं, म्हणून मी ते बिघडलंय समजून वायरमनला दाखवलं. बॅटरीवर भार नको म्हणून ते तसंच केलेलं असतं, हे त्याने हसू दाबत सांगितलं.

*

त्या तारांवर आतून स्टिकर चिकटवू नका, ही माझी भर. आधीच्या मालकाचा स्टिकर मी पात्याने खरवडला. आता पावसात मागची काच पट्ट्यापट्ट्यांनी साफ होते.

*

माझा किस्सा छोटाच. चौथ्या दिवशी किल्ली फिरेना. दहा मिनिटं झटापट केली, किल्लीला तेल लावलं, शेवटी रडवेली होऊन ज्यांच्याकडून गाडी घेतली त्या काकूंना फोन लावला. "अगं, स्टेअरिंग जरा डावी-उजवीकडे हलव आणि हलवतानाच किल्ली फिरव." फिरली! गाडी बंद असताना स्टेअरिंगला धरून उतरलं की ते लॉक होतं, हे मला ठाऊकच नव्हतं. आधी माझ्याकडे बटण दाबून सुरू होणारी गाडी होती. तिथेही एकदा रिमोटचा सेल गेला होता, पण रिमोट थेट स्टार्टच्या बटणाला टेकवून धरला आणि गाडी सुरू झाली. दार उघडायला त्याच रिमोटच्या पोटात साधी किल्ली लपलेली असते. तुमच्या रिमोटमध्ये ती आहे ना, बघून ठेवा. कधीकधी आधीच्या मालकाच्या ड्रॉवरमध्येच राहिलेली असते.

*

हसण्यासारखं नाही, पण लिहितोच. आमच्या गाडीत आरशाजवळ एक पिवळा दिवा कायम लागलेला असायचा. सीटबेल्टचं काहीतरी असेल म्हणून तीन महिने दुर्लक्ष केलं. शेजारच्या सीटवर रोज आई बसायची. सर्व्हिसिंगच्या वेळी कळलं की तो दिवा शेजारची एअरबॅग बंद असल्याचा. डावीकडचं दार उघडलं की डॅशबोर्डच्या कडेला किल्लीने फिरवायचा एक खटका दिसतो, तो 'ऑफ'वर होता.

आधीच्या मालकांचं चुकलं नव्हतं. त्यांचं बाळ लहान होतं, आणि मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट त्यांनी पुढे लावलेली. तशी सीट असेल तर एअरबॅग बंदच हवी, नाहीतर ती फुगताना सीटच्या पाठीवर आदळते आणि बाळाच्या जिवावर बेतू शकतं. पण गाडी विकताना खटका पुन्हा फिरवायचा राहिला. आपली गाडी आज संध्याकाळीच तपासा. सगळ्या गाड्यांत तो खटका नसतो; असेल तर कोणासाठी चालू आणि कोणासाठी बंद, हे घरात सगळ्यांना कळू द्या.

*

दिव्यांवरून आठवलं. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू करायच्या आधी, डॅशबोर्डचे इशाऱ्याचे दिवे क्षणभर लागायला हवेत. आपण कोणता दिवा पेटलाय ते बघतो. जुन्या गाडीत कोणता पेटत नाही तेही बघायचं. माझ्या गाडीत इंजिनचा दिवा लागतच नव्हता. मी खूश, इंजिन ठणठणीत! मीटर उघडल्यावर त्या दिव्यावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा निघाला. कोणी लावला ते विचारू नका, मीही विचारलं नाही, फक्त पुढचा महिनाभर चिडचिड केली.

लाल दिवा म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या. तेलाच्या बुधलीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर सुरक्षित जागी घेऊन इंजिन लगेच बंद. घर जवळ आलंय वगैरे काही नाही.

*

आमची गाडी बोलते. पहिल्या दिवशी स्क्रीनवर आधीच्या मालकांची अख्खी फोनबुक दिसली, 'प्लंबर जुना' आणि 'प्लंबर नवा' यांच्यासकट. त्याच रात्री उशीर झाला, रस्ता चुकलो, म्हणून नकाशातलं 'घर' दाबलं आणि ती सांगेल तसं चालवत गेलो. वीस मिनिटांनी गाडीने मला इमानाने आधीच्या मालकांच्या फाटकापाशी नेऊन उभं केलं. त्यांचा कुत्रा गाडी ओळखून शेपटी हलवत आला. दुसऱ्या दिवशी सेटिंगमध्ये जाऊन सगळं पुसलं. गाडीला मोबाइल अ‍ॅप असेल तर आधीच्या मालकाचं खातंही काढायला लावा, नाहीतर गाडी कुठे आहे ते त्यांना घरबसल्या दिसत राहील.

*

टाकीचं झाकण कोणत्या बाजूला ते आठवत नाही? पेट्रोलच्या काट्याशेजारी पंपाचं चित्र असतं, त्याला चिकटून छोटा बाण असतो. बाण ज्या बाजूला, झाकण त्या बाजूला. ही कल्पना फोर्डमधल्या जिम मॉयलन यांची. १९८६ साली ते कंपनीची गाडी घेऊन भर पावसात पंपावर गेले, चुकीच्या बाजूने लावली आणि भिजले. परत येऊन त्यांनी तसं लिहून दिलं आणि १९८९च्या मॉडेलांपासून तो बाण गाड्यांत दिसू लागला. दुसऱ्याची गाडी चालवतानाच असलं सुचतं! माझ्या गाडीत बाण आहे. मी तो बघून बरोबर बाजूला लावली आणि झाकणाऐवजी बॉनेट उघडलं.

*

पंक्चर झाल्यावर कळलं की प्रत्येक चाकाचा एक नट वेगळ्या नक्षीचा आहे, चोरी होऊ नये म्हणून. त्याला बसणारं छोटं सॉकेट नसलं की पाना घेऊन नुसतं बघत बसायचं. गाडी घेतानाच मागून घ्या. आमचं चष्म्याच्या डबीत सापडलं.

*

माझ्या गाडीत दोन बटणं आहेत, दाबली जात नाहीत. दाबून दाबून बोट दुखलं. शेवटी कळलं की ती बटणं नव्हेतच, महागड्या मॉडेलमधल्या बटणांच्या जागी बसवलेली झाकणं आहेत. गाडी बिचारी आपली पायरी ओळखून आहे.

*

धागाकर्ते, ते चाक डॅशबोर्डचं नाही. ० ते ३ म्हणजे हेडलाइटचा झोत वरखाली करायचं. डिकी भरली की गाडीचं नाक वर होतं आणि झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, म्हणून आकडा वाढवून तो खाली आणायचा. एकटे असाल तर ०. दिवे बंद असताना कळणारच नाही. रात्री भिंतीसमोर उभी करा, डिपर लावा आणि फिरवा.

*

आत्ताच करून आलो. अगदी बरोबर! ३ वरून ० वर नेलं तर भिंतीवरचा झोत चांगला वर चढला. दोन महिने मला रात्री चार पावलांपलीकडचं दिसत नव्हतं आणि दिवे म्हातारे झाले म्हणून जास्त उजेडाचे बल्ब बसवायचं मी नक्की केलं होतं.

आधीच्या मालकांना फोन करून विचारलं की चाक ३ वर का ठेवलं होतं. ते म्हणाले, "कसलं चाक?" मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले, रात्री नीट दिसत नाही म्हणून त्यांनी दोनदा चष्म्याचा नंबर बदलून घेतला होता.