मदत हवी आहे: आईच्या वहीतली वर्षाची चटणी. चिपट्याचे ग्रॅम किती आणि 'कलहू' म्हणजे काय?

नमस्कार मंडळी, बेळगावहून लिहितेय, वडगावात राहतो आम्ही. जरा लांबणार आहे पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

आमच्याकडे चटणी म्हणजे वर्षभराचं लाल तिखट, मसाला घालून डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीत, कुटलेलं. ताटात डावीकडे वाढतात ती नव्हे. आमटीला, उसळीला, भरल्या वांग्याला, रविवारच्या मटणाला सगळ्याला ही एकच चटणी, दुसरा गरम मसाला आमच्या घरात कधी नव्हताच. आई दरवर्षी शिमगा झाला की मिरची आणायची, गच्चीवर चार दिवस वाळवायची, देठं खुडायला आम्हा पोरांना बसवायची आणि हाताची आग रात्री झोपेपर्यंत जायची नाही, खोबरेल लावून झोपायचो.

दोन वर्षांपूर्वी आईला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. कळतं सगळं, मान हलवते, डाव्या हाताने खुणा करते, पण सांगू काही शकत नाही. म्हणून मागच्या वर्षी तिची वही काढून मी पहिल्यांदा चटणी केली. रंगच आला नाही, विटकरी फिकट झाली आणि वास सगळा धण्याचा. आईने आमटीचा एक घोट घेतला आणि वाटी बाजूला सरकवली. ती असं कधी करत नाही हो. मला तो दिवस अजून आठवतो. त्यात आषाढात बघते तर बरणीत वरती पांढरी बुरशी, खोबरं खवट, अर्ध्याहून जास्त टाकून द्यावी लागली. नंतर दुकानातलं पाकीट आणून वर्ष काढलं.

आता वहीचं सांगते. आईने लग्न होऊन आल्यावर १९८१ साली लिहिलीय ती. माझी आजी, म्हणजे आईची सासू, बैलहोंगलकडची, घरात कन्नडच बोलायची आणि तिला लिहिता येत नव्हतं. आई खानापूरची, तिला तेव्हा कन्नड जेमतेम. सासूने तोंडी सांगितलं आणि आईने कानाला आलं तसं देवनागरीत उतरवलं. असं आहे बघा:

"ब्याडगी दीड किलो, संकेश्वरी अर्धा किलो. हवीज ३ चिपटी. तीळ १ चिपटं. जिरं १ कोळवं. गसगसी १ निळवं. खोबरं ४ वाट्या. मेथी मूठ. हळकुंडं ५. लवंग दालचिनी एकेक तोळा. कलहू दोन चिमटी, तेलात. मीठ मापटं. लसूण कुटताना. हिंगाचा खडा तळाला."

हवीज म्हणजे धणे आणि गसगसी म्हणजे खसखस एवढं मला कळतं, आजीच्या तोंडात तेच शब्द होते. मापं मी अशी धरली की पायली म्हणजे चार किलो, पायलीची सोळा चिपटी, म्हणजे चिपटं पाव किलो. त्या हिशोबाने धणे पाऊण किलो, तीळ पाव किलो, मीठ अर्धा किलो घातलं. चुकलं कुठे? आणि 'कलहू' काय आहे ते रविवार पेठेत तीन दुकानांत विचारलं, कुणाला कळलं नाही, म्हणून मागच्या वर्षी ते घातलंच नाही.

आई समोर बसलेली असताना तिच्या हातची चव आम्हाला जमू नये हे मला सहन होत नाही. कृपया जाणत्यांनी सांगा.

अनगोळची सून:
ताई, आधी आईंना नमस्कार सांगा. कलहू म्हणजे कल्लु हू असणार! कल्लु म्हणजे दगड, हू म्हणजे फूल. दगडफूल! माझ्या सासूबाई धारवाडकडच्या, त्या अस्संच म्हणतात, 'कल्लहू' असं जोडून ऐकू येतं. नुसतं हुंगलं तर त्याला काही वास नसतो, म्हणून नवीन माणूस ते वगळतो, पण गरम तेलात पडलं की असला मातकट धुरकट वास सुटतो की बास. वहीत 'तेलात' लिहिलंय ते त्याच्यासाठीच. नीट निवडून घ्या, झाडाच्या सालीचे तुकडे आणि माती असते त्यात.

खानापूर रोड:
तुझी चूक मापात आहे बघ. चिपटं हे माप आहे, वजन न्हवे. पायलीला चार किलो कशाचे धरलीस, जोंधळ्याचे न्हवं काय गे? जोंधळे, तांदूळ जड. धणे पोकळ, हलके, तेच चिपटं भरलं तर निम्मंसुद्धा वजन येत नाही. आमच्या घरी अजून पितळी चिपटं आहे, लगीनघरी तांदूळ मोजायला काढतात. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. किलो-ग्रॅम कायद्याने १९५८ पासून सुरू झाले पण बायका घरात मापानेच मोजत राहिल्या, बाजारातून आणायचं ते किलोत, डब्यातून काढायचं ते चिपट्याने. तुझ्या आईच्या वहीत तसंच आहे की, मिरची किलोत आणि बाकी मापात. घरात जुनं चिपटं असेल तर शोध, प्रत्येक जिन्नस त्यात भरून काट्यावर ठेव, उगाच आकडेमोड करत बसू नकोस.

निपाणीकर:
वरच्यांशी सहमत, आणि उलटं पण बघा. धणे हलके म्हणून जास्त पडले, तसं खडेमीठ तांदळापेक्षा जड, म्हणजे मापटंभर मीठ अर्ध्या किलोच्या वर जाणार. तुमचं मीठ कमी पडलं. बुरशीला ते एक कारण असणारच, शिवाय लसूण ओला गेला असेल. आपल्याकडचा पाऊस म्हणजे घरात कपडे चार चार दिवस वाळत नाहीत, चटणीला मीठ कमी असून चालत नाही.

हुक्केरीचा माणूस:
मिरचीबद्दल थोडं बोलतो कारण संकेश्वरी आमच्या तालुक्याची आहे. संकेश्वरी ही तिखटाला, ब्याडगी ही रंगाला. ब्याडगी म्हणजे हावेरी जिल्ह्यातलं गाव, तिथल्या मिरचीला २०११ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. तिच्यात डब्बी आणि कड्डी अशा दोन येतात, डब्बी आखूड फुगीर आणि कड्डी लांब बारीक, कड्डीत बिया कमी. चटणीला दोन्ही चालतात, पण नवीन माल बघून घ्या. कोल्ड स्टोरेजमधली गेल्या साली आलेली मिरची काळपट पडते, मुठीत दाबली की लगेच चुरा होतो, तिचा रंग चटणीत उतरत नाही. चांगली ब्याडगी सुरकुतलेली, गडद लाल आणि हाताला किंचित लवचीक लागते. उन्हात घातल्यावर मग कडक होते. मिरची भाजताना करपवू नका, नुसती गरम झाली पाहिजे. प्रमाण दीडास अर्धा हे अगदी बरोबर आहे, तुमची आजी जाणती बाई होती.

टिळकवाडी:
ताई, खोबरं खवट का झालं ते सांगते. किसून मंद आचेवर बदामी होईस्तोवर भाजायचं आणि पूर्ण गार करायचं. बायका घाईने कोमट असतानाच डब्यात भरून डंकावर नेतात, आत वाफ धरते, तेच सगळं खराब करतं. तीळ पण तसेच. डंकावरून आणलेली चटणीसुद्धा गरम असते, परातीत पसरून रात्रभर गार करा, मग बरणी. आणि लसणाचं माझं मत विचाराल तर वर्षाच्या चटणीत घालूच नका. कोरडी चटणी ठेवा आणि महिन्याला लागेल तेवढी काढून तिच्यात लसूण ठेचून मिसळा. वास ताजा राहतो.

खानापूर रोड:
एक विचारायचं राहिलं. चिपटं शिगेचं, म्हणजे काठाच्या वर ढीग येईपर्यंत भरलेलं, का सपाट? जुनी माणसं धान्य देताना शीग लावून द्यायची, पण मसाल्याला काय करायची ते घराघराचं वेगळं. शीग लावली तर बराच फरक पडतो बघ.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार, डोळ्यात पाणी आलं वाचताना. दगडफूल! एवढी वर्षं त्या चटणीचा जो वास मला कळत होता पण सांगता येत नव्हता तो त्याचाच होता. मी आईजवळ जाऊन मोठ्यांदा म्हटलं, आई, कल्लु हू, दगडफूल ना गं? तर तिने डोळे मोठे केले आणि मान हलवत राहिली, थांबेचना.

माळ्यावर चढले. देवाच्या जुन्या भांड्यांच्या ट्रंकेत चिपटं सापडलं, पितळी, आजीचं, कडेला टाकीने कोरलेली खूण आहे. मापटं पण आहे. कोळवं, निळवं नाही मिळालं, पण ते निम्म्याने काढता येतं. चिंचेने घासून काट्यावर लावलं. सपाट भरून तांदूळ २२५ ग्रॅम आले. धणे फक्त ९५! म्हणजे तीन चिपटी २८५ ग्रॅम आणि मी घातले होते ७५०. तीळ १७०. खडेमीठ मापटंभर सपाट ६२० ग्रॅम. खानापूर रोड दादा, निपाणीकर, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, हलकं ते जास्त पडलं आणि जड ते कमी.

आता शिगेचं. हे लिहिताना हात थरथरतोय माझा. मी आईच्या पुढ्यात ताट ठेवलं, चिपट्यात धणे शीग लावून भरले आणि विचारलं, असं का गं? तिने डावा हात उचलला आणि तळव्याने शीग पुसून टाकली, धणे ताटात सांडले. सपाट. मग तीळ भरले, तेही पुसले. मग मापट्यात मीठ भरलं शिगेने, तिच्यापुढे धरलं, तर तिने हात मांडीवरच ठेवला. मी परत विचारलं, पुसू? तिने नाही म्हणून मान हलवली. मीठ तेवढं शिगेचं! वहीत हे कुठेच नाहीय. शिगेचं मापटं मोजलं तर ७०० ग्रॅमला थोडं कमी भरलं.

परवा आठव्या हिश्श्याने करून बघितली, मिरची पाव किलो, धणे ३६ ग्रॅम, मीठ ८५ ग्रॅमच्या आसपास, दगडफूल तेलात परतून, लसूण घातला नाही. मिक्सरवरच फिरवली. रंग आला. मसुराची आमटी केली दुपारी, आईने वाटी सरकवली नाही, भात कालवून पूर्ण जेवली. पण तिखट जरा कमी वाटतंय मला, ते मिक्सरमुळे असेल का संकेश्वरी जुनी मिळाली म्हणून? हुक्केरीचे दादा सांगतील.

हुक्केरीचा माणूस:
मिक्सरचं असू शकतं, डंकात कुटलेलीचा तिखटपणा वेगळा लागतो हा आमचा सगळ्यांचा अनुभव. पण आधी एक संकेश्वरी मोडून बघा. बिया पांढऱ्या-पिवळ्या असल्या तर ठीक, काळपट असल्या तर जुनी आहे. आणि आईंना चव दाखवूनच पुढचं ठरवा, वहीचं प्रमाण लगेच बदलू नका.

अनगोळची सून:
मिठाचं वाचून मी सासूबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या आमच्यातही मीठ शिगेचंच, चटणी टिकायची तर मिठाला हात आखडायचा नाही. ताई, आईंचं अजून काय काय वहीत नाही ते असंच समोर बसून विचारून घ्या. सांडगे, कुरडया, पुरणाच्या कटाची आमटी, सगळं.

धागाकर्ती:
हो गं, तेच ठरवलंय. कटाच्या आमटीचं पान तर नुसतं दोन ओळींचं आहे, चटणी झाली की त्याला हात घालते.

मिरची मोडून बघितली, बिया काळपट आहेत, म्हणजे जुनीच मिळाली होती. आज दुसरीकडून संकेश्वरी आणली, खोकल्याने जीव घाबरा झाला नुसती पिशवी उघडल्यावर, म्हणजे बरोबर असावी. ब्याडगी कड्डी घेतलीय दीड किलो. उद्यापासून गच्चीवर घालतेय, वळीव यायच्या आत चार उन्हं मिळाली पाहिजेत. शनिवारी डंकाचा नंबर लावलाय, तिथे आधी कुणी नुसती लवंगी कुटून गेलं असेल तर आपली पहिली मूठ बाजूला काढायची हे आईचं मला आठवतंय.

एकच राहिलं. हिंगाचा खडा वहीत 'तळाला' लिहिलाय, आणि माझी मावशी म्हणते वरती ठेवायचा असतो, मधेमधे पण खोचतात म्हणे. एलजीचा हिंग आणलाय, खडा मिळाला नाही, डबीतली पूड पुरचुंडी बांधून चालेल का? आईला विचारलं तर ती तळाला पण बोट दाखवते आणि वरती पण. तेवढं कुणीतरी सांगा, बरण्या धुऊन उन्हात ठेवल्यात.