मदत हवी आहे: तांबे-झिओलाइटमध्ये ईपीआरला न दिसणारे तांबे नेमके कोणत्या रूपात असते?

नमस्कार. तांब्याचे आयन बसवलेल्या एसएसझेड-१३ या झिओलाइटवर (सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनच्या चौकटीच्या सच्छिद्र स्फटिकावर) मिथेनच्या आंशिक ऑक्सिडीकरणाचा मी अभ्यास करत आहे. पद्धत रुळलेलीच आहे: नमुना कोरड्या ऑक्सिजनच्या प्रवाहात ४५० अंश सेल्सिअसला तापवून सक्रिय करायचा, २०० अंशांवर मिथेन सोडायचा आणि आत अडकून राहिलेले मिथॉक्सी गट पाण्याच्या वाफेने मोकळे करून मिथेनॉल गोळा करायचे. मिथेनॉल मिळते, पण नमुन्यात बसवलेल्या तांब्याच्या मानाने फारच थोडे. म्हणजे बरेचसे तांबे अभिक्रियेत उतरतच नाही, आणि ते कोणत्या अवस्थेत बसून राहते हे मला ठरवता आलेले नाही.

ईपीआरमध्ये, म्हणजे अयुग्मित इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात टिपणाऱ्या वर्णपट पद्धतीत, दिसते ते असे. ओलसर नमुन्यात जवळजवळ सगळे तांबे क्युप्रिक (दोन धनप्रभारांच्या) आयनांच्या रूपात दिसते. ऑक्सिजनमध्ये कोरडा केल्यावर संकेत निम्म्याहूनही खाली येतो, त्याच तापमानाला हेलियम सोडल्यास आणखी घटतो, आणि नळी हवेत उघडून ठेवली की दुसऱ्या दिवशी जवळपास पूर्ववत होतो. एकदा तयार झालेले कॉपर ऑक्साइडचे मोठे कण नुसत्या ओलाव्याने विखुरणार नाहीत, तेव्हा ती शक्यता मी बाजूला ठेवली आहे.

उरतात तीन शक्यता. पहिली, एकाच ॲल्युमिनियमपाशी हायड्रॉक्सिल गटासह बसलेला क्युप्रिक आयन. त्यात अयुग्मित इलेक्ट्रॉन असूनही कोरड्या अवस्थेत तो ईपीआरला दिसत नाही, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. दुसरी, ऑक्सिजनच्या पुलाने जोडलेली तांब्याची जोडी, जिच्यात दोन्ही केंद्रांची चुंबकीय आघूर्णे परस्परांना रद्द करतात. तिसरी, एकच धनप्रभार असलेला क्युप्रस आयन. त्याचे डी-कवच पूर्ण भरलेले असते आणि कोणताही क्षपणकारक नसताना, केवळ निष्क्रिय वायूत तापवल्यानेही तो तयार होऊ शकतो. हेलियममधील घट या स्वयंक्षपणामुळे असावी असा माझा अंदाज आहे, पण ऑक्सिजनमधील घट त्याने समजत नाही.

परावर्तन वर्णपटाचाही फारसा आधार मिळाला नाही. ल्यूव्हेन येथील ग्रूटहार्ट आणि सहकाऱ्यांनी २००५ साली झेडएसएम-५ या दुसऱ्या झिओलाइटमध्ये २२,७०० प्रति सेंटिमीटरपाशी जो पट्टा दाखवला, आणि जो पुढे एका ऑक्सिजनच्या पुलाने जोडलेल्या जोडीचा ठरला, तसा ठळक पट्टा माझ्या नमुन्यात नाही. शिवाय अमोनियाच्या सान्निध्यात तांब्याचे आयन चौकटीपासून सुटून एका पिंजऱ्यातून दुसऱ्यात जातात आणि जोडीने ऑक्सिजन पकडतात, हे नायट्रोजन ऑक्साइडांच्या क्षपणावरील कामातून पुढे आले आहे. माझ्याकडे अमोनिया नाही. मग दूरदूरच्या ॲल्युमिनियमपाशी असलेले आयन जोडी करण्यासाठी एकत्र येतात तरी कसे? आणि या तीन रूपांचा वाटा वेगवेगळा मोजण्याचा भरवशाचा मार्ग कोणता? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

आपली मांडणी नेमकी आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. आधी एक आग्रहाची सूचना: नमुना हवेत उघडू नका. हवेत ओलावाही असतो आणि ऑक्सिजनही, त्यामुळे हायड्रॉक्सिलयुक्त आयन पाणी घेऊन पुन्हा दिसू लागला की क्युप्रस आयनाचे ऑक्सिडीकरण झाले, हे संकेत परतल्यावरून सांगता येत नाही. ऑक्सिजन काढून टाकलेल्या पाण्याची वाफ बंद नळीतच, खोलीच्या तापमानाला द्या आणि ईपीआर घ्या. नंतर त्याच नळीत ऑक्सिजन सोडून पुन्हा घ्या. पहिल्या टप्प्यात परतलेला भाग मुख्यतः हायड्रॉक्सिलयुक्त आयनांचा आणि दुसऱ्यात वाढलेला क्युप्रसचा, असे ढोबळमानाने धरता येईल. पुलाने जोडलेल्या जोड्याही पाण्याने फुटतात आणि पहिल्याच भागात मिसळतात, म्हणून अवरक्त वर्णपटाची जोड हवी. ३६५० ते ३६६० प्रति सेंटिमीटरच्या दरम्यानचा पट्टा तांब्यावरील हायड्रॉक्सिलचा असतो. कार्बन मोनॉक्साइड शोषून क्युप्रस आयन स्पष्ट दिसतात, मात्र तो वायू क्रियाशील ऑक्सिजनाशी स्वतःच अभिक्रिया करतो, म्हणून अगदी कमी तापमानाला थोडा थोडा सोडावा. क्ष-किरण शोषणात ८९८३ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासचे शिखर क्युप्रसची खूण आहे. तेथेही किरणांच्या झोताने क्षपण होते, तेव्हा एकाच जागी लागोपाठ वर्णपट घेऊन ते बदलत नाहीत ना, हे पाहावे.

जोडी जुळण्याविषयी माझे मत असे, की पाणी पूर्ण निघून जाईपर्यंत आयन बऱ्यापैकी हलते असतात आणि बराचसा निर्णय त्या काळातच होतो. तापवण्याचा वेग बदलून मिथेनॉल किती मिळते ते मोजले, तर याची परीक्षा होईल.

आता मूळ प्रश्न. निष्क्रिय तांबे आपण न दिसणाऱ्या भागात शोधत आहात; मी आधी दिसणाऱ्या भागाकडे पाहीन. कोरड्या नमुन्यात शिल्लक राहणारा संकेत प्रामुख्याने झिओलाइटच्या चौकटीतील सहा-सदस्यीय कड्यात, दोन ॲल्युमिनियमांनी धरून ठेवलेल्या क्युप्रिक आयनांचा असतो. आयनांची अदलाबदल करून नमुन्यात बसवताना तांबे आधी याच जागा भरते. हे आयन हेलियममध्ये सहज क्षपित होत नाहीत आणि मिथेनलाही फारशी दाद देत नाहीत. आपल्या नमुन्यातील सिलिकॉन-ॲल्युमिनियम आणि तांबे-ॲल्युमिनियम ही दोन्ही गुणोत्तरे येथे द्यावीत. अशा जागांत किती तांबे अडकले असेल याचा हिशेब त्यावरून मांडता येईल.