पिकअपच्या ब्रेकला अक्कल किती असावी?

प्रेषक: अण्णा, ह्यूस्टन
विषय: पिकअपमधली शहाणी यंत्रं – जरा अतीच नाही का?

मंडळी, नमस्कार.

आपल्या मंडळाच्या चतुर्थीच्या वर्गणीचा हिशेब खजिनदारांनी पाठवलाय, त्यावर आता पुरे. मला वेगळाच सल्ला हवाय.

पुढच्या वर्षी आम्ही दोघं कायमचे गोव्यात परततोय. सत्तरी तालुक्यातलं कुळागर, म्हणजे आमची सुपारी-नारळाची बाग, आजवर भावानं सांभाळलं, आता त्याच्याच्यानं होत नाही. सुपारी, नारळ, खत, पाण्याचे पाइप, कधी थोडे जांभ्या दगडाचे चिरे असं सगळं वाहायला पिकअप लागणार. टेक्सासात पिकअप घरोघरी असते, माझ्याकडेही आहे, आणि तिनं मला हैराण करून सोडलंय. फ्लायओव्हरखाली शिरताना समोर काही नसताना आपणहून ब्रेक मारते. मागच्याला वाटतं म्हातारा झोपला. बोटीचा ट्रेलर लावून रिव्हर्स घ्यायला जावं, तर ट्रेलरचं कनेक्शन जरा सैल असलं की त्यालाच अडथळा समजून थांबते. रस्त्यावरच्या लेनच्या पट्ट्यावर चाक गेलं की स्टिअरिंग हातातून ओढते. परवा खडा उडून काचेला तडा गेला, तर काचेचे पैसे वेगळे आणि काचेमागचा कॅमेरा पुन्हा जुळवायचे वेगळे!

आमच्या बाबांची मॅटाडोर होती. तिला ब्रेक होते, एवढंच तिचं सेफ्टी फीचर. त्यावर आम्ही म्हापशाचा शुक्रवारचा बाजार वर्षानुवर्षं केला.

तर गोव्यात घेताना सगळ्या सोयींचं महागातलं मॉडेल घ्यावं, की साधी मालवाहू पिकअप? इंजिनिअर लोकांनी हे सगळं गरजेपेक्षा जास्त करून ठेवलंय असं माझं मत झालंय. पटत नसेल तर सांगा.

अण्णा

---

प्रेषक: नाना, मस्कत
विषय: उत्तर: पिकअपमधली शहाणी यंत्रं

अण्णा, माझं मत तुमच्याच पारड्यात.

इथे आखातात एके काळी गाडी १२० च्या वर गेली की टिंग टिंग सुरू व्हायचं. नवी गाडी घेतली की गॅरेजवाल्याला पहिलं काम सांगायचं ते हे, की बाबा रे, ती वायर काढ. गाडीत बसून पोरं जेवढी कंटाळली नसतील तेवढे आम्ही त्या आवाजाला कंटाळलो होतो. माझी जुनी हायलक्स पिकअप वाळूत गेली, वादीत (इथल्या कोरड्या नदीपात्रात) गेली, डोंगरावर गेली. आत बिघडण्यासारखं काही नव्हतंच, तर बिघडणार काय?

आणि आपल्याकडे गोव्यात २०१८ च्या जानेवारीत टॅक्सीवाल्यांनी स्पीड गव्हर्नरविरुद्ध, म्हणजे ठरावीक वेगापुढे गाडी जाऊ न देणाऱ्या यंत्राविरुद्ध, संप केला, तो काय उगाच? गाडी ज्याच्या हातात आहे त्याला कळतं कुठे दाबायची.

साधी घ्या. उरलेल्या पैशांत कुळागरात पंप बसवा.

नाना

---

प्रेषक: भाई, साखळी
विषय: उत्तर: उत्तर: पिकअपमधली शहाणी यंत्रं

अण्णा, नाना,

कुवेतहून परतल्यापासून माझा धंदाच पिकअपवर आहे. चिरे, खडी, सिमेंट, चतुर्थीच्या दिवसांत गणपतीसुद्धा. त्यामुळे जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर पुढची मेल उघडा.

नाना, आधी तुमचा गव्हर्नर. माझ्या गाडीला ८० चा लावलाय, मालवाहूंना तो नियमच आहे. साखळी-पणजी रस्त्यावर ८० गाठायला मिळालं तर मी सत्यनारायण घालीन. त्या संपाचं राजकारण वेगळं, ते इथे नको.

आता मुद्द्याचं. कारपेक्षा पिकअपची गोष्ट वेगळी आहे. कारमध्ये एक माणूस बसला काय आणि पाच बसले काय, गाडी तीच राहते. पिकअप मात्र सकाळी हौद्यात टनभर माल घेऊन जाते आणि दुपारी रिकामी येते, आणि ब्रेकच्या दृष्टीनं त्या दोन वेगळ्या गाड्या असतात. रिकामीचं सगळं वजन पुढे, मागची चाकं नुसती टेकलेली. तिला भरलेल्या गाडीएवढा ब्रेक मागे दिला की चाकं जाम होतात आणि शेपूट पुढे यायला बघतं. पहिल्या पावसात चिरेखाणीच्या फाट्याजवळ डांबरावर तांबडी माती पसरलेली असते, तिथे हे ज्यानं एकदा अनुभवलं त्याला सांगावं लागत नाही.

ह्यावरचा इलाज कॉम्प्युटरच्या आधीपासून आहे. जुन्या पिकअपच्या खाली वाकून बघा. मागच्या ॲक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत एक लोखंडी दांडी गेलेली दिसेल. माल भरला की चासी खाली बसते, दांडी हलते, व्हॉल्व्ह जास्त उघडतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. माल उतरला की दाब पुन्हा कमी. वायर नाही, बॅटरी नाही. तुमच्या बाबांच्या काळातला माणूसही ह्याला नावं ठेवणार नाही.

पण आपण त्याचं काय करतो? जास्त माल भरता यावा म्हणून मेस्ताकडे (मिस्त्रीकडे) जाऊन मागे स्प्रिंगचे पाटे वाढवतो. पाटे वाढले की टनभर चिरे चढवूनही चासी बसत नाही. दांडीला वाटतं गाडी रिकामी आहे, मागचा ब्रेक अर्धपोटी राहतो, आणि सगळा भार पुढच्या ब्रेक लायनरवर येतो. मग ड्रायव्हर म्हणतो कंपनीचे ब्रेकच कच्चे. माझ्या ओळखीत पाटे वाढवल्यावर दांडी नव्यानं जुळवून घेणारा माणूस अजून भेटायचाय.

आता हेच काम एबीएसबरोबरचा (चाकं जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकच्या यंत्रणेबरोबरचा) कॉम्प्युटर करतो. कुठलं चाक घसरायला लागलं ते चाकांवरच्या सेन्सरना कळतं, आणि दाब त्या हिशेबानं वाटला जातो. पाटे किती का असेनात. त्याच्या पुढची पायरी ईएससी. तुम्ही स्टिअरिंग कुठे वळवलंय आणि गाडी प्रत्यक्षात कुठे वळतेय, हे तो ताडून बघतो, फरक पडला की एकाच चाकाला ब्रेक लावून गाडी ओळीत आणतो. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून हे सगळ्या हलक्या गाड्यांना सक्तीचं आहे, पिकअपसकट. म्हणजे अण्णा, तुमच्या गाडीनं ओल्या रस्त्यावर तुम्हाला कितीदा सावरलं असेल ते तुम्हाला कळलंही नसेल. त्याबद्दल कोणी मंडळाला मेल लिहीत नाही.

नाना, तुमच्या हायलक्सबद्दल. स्वीडनमधलं एक मोटर मासिक अचानक समोर प्राणी आल्यावर गाडी झटक्यात वळवायची चाचणी घेतं. २०१६ साली त्या चाचणीत नवी हायलक्स दोन चाकांवर उभी राहिली. टोयोटानं नंतर सुधारणा केल्या आणि पुढच्या चाचणीत चारही चाकं जमिनीवर राहिली. त्या सुधारणांत ईएससीचं गणित बदलणं होतं. स्वीडनमध्ये सांबरासारखा दांडगा प्राणी आडवा येतो, आपल्याकडे म्हैस येते, इतकाच फरक.

तेव्हा ब्रेकच्या आत बसून गुपचूप काम करणारं जे आहे, त्याला अतिशहाणपणा म्हणायला मी तयार नाही.

आपणहून लागणाऱ्या ब्रेकबद्दल माझं मत इतकं सरळ नाही. फायदा आहे, नाकारता येत नाही. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या आयआयएचएस ह्या संस्थेनं पिकअपचाच वेगळा अभ्यास केला, त्यात असा ब्रेक असलेल्या पिकअपनी पुढच्या गाडीला मागून ठोकायचं प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी निघालं. तिथल्या सरकारनं २०२४ मध्ये नियमच काढला, सप्टेंबर २०२९ पासून सगळ्या नव्या हलक्या गाड्यांत हा ब्रेक हवा. पण त्याच आयआयएचएसनं पादचाऱ्यांसाठीचा ब्रेक तपासला तेव्हा दिवे नसलेल्या काळोख्या रस्त्यावर त्याचा काही फरक दिसला नाही. आपल्या गावातले रस्ते रात्री कसे असतात ते तुम्हाला माहीत आहे. जुलैत हायवेच्या मधोमध कोरडी जागा बघून बसलेली काळी गाय तर माणसाच्या डोळ्यालाही शिंगं लागायच्या बेताला दिसते.

आणि एक गोष्ट शोरूममध्ये कोणी सांगत नाही. ब्रेक गाडीला लागतो, मालाला नाही. हौद्यात चिरे नुसते रचलेले असतील आणि गाडी स्वतःहून कचकन थांबली, तर चिरे केबिनकडे येतात. हातानं ब्रेक मारताना मागे काय भरलंय हे तुमच्या पायाला ठाऊक असतं, कॅमेऱ्याला नसतं. म्हणून माल केबिनमागच्या जाळीला भिडवून रचायचा आणि पट्ट्यानं आवळायचा. तो तसाही आवळायला हवा, म्हणा. आपण ताडपत्री टाकून मोकळे होतो.

ओरडणाऱ्या यंत्रांवर मात्र माझा खरा राग आहे. मागच्या सीटवर बसून "हळू, हळू" करणाऱ्या मामासारखी ती, बरोबर कधी बोलतात तेच लक्षात राहत नाही. लेनचे पट्टे आमच्या आतल्या रस्त्यांवर पावसाबरोबर वाहून जातात, स्कूटरवाला डावीकडून घुसतो, फेरीबोटीच्या फळीवर चढताना पुढचा सेन्सर जो ओरडायला लागतो तो पलीकडच्या काठापर्यंत गप्प बसत नाही. कारण चारी बाजूंना हातभर अंतरावर गाड्या! खाणीवरून आलं की पुढच्या रडारवर चिखल, आणि डॅशबोर्डवर सेन्सर पुसा म्हणून निरोप. ड्रायव्हर दोन दिवस पुसतो, तिसऱ्या दिवशी बटण शोधून सगळंच बंद करतो. त्यात उपयोगाचंही बंद होतं.

शेवटचं, तुमच्या अमेरिकन पिकअपबद्दल. त्यांच्या बोनेटची उंची बघितलीय ना? २०२३ मध्ये आयआयएचएसनंच दाखवलं की बोनेट ४० इंचांहून उंच असेल, तर धडकेत पादचारी मरण्याची शक्यता ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बोनेटपेक्षा साधारण ४५ टक्क्यांनी जास्त असते. समोर उभं मूल दिसणार नाही एवढं नाक आधी वाढवायचं, आणि मग त्या नाकावर कॅमेरे लावून सुरक्षा म्हणून विकायची. ह्याला मी अति म्हणेन. कॅमेऱ्याला नव्हे, नाकाला.

भाई

---

प्रेषक: माई, फोंडा
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: पिकअपमधली शहाणी यंत्रं

भाई, दांडीचं वाचून आमच्याकडच्या गाडीखाली कोणाला तरी वाकायला लावलंय. धन्यवाद. पण मामाच्या बाबतीत मी तुमच्याशी भांडणार.

आमचा भाजीचा व्यवसाय. बेळगावची भाजी चोर्ला घाटातून रात्रीत येते आणि पहाटे बाजारात लागते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती आणणारी मुलं विशी-पंचविशीतली. मध्यरात्री माल भरायचा, घाट उतरायचा, उजाडता उजाडता उतरवायचा, आणि दुपारी दुसरं भाडं मिळालं तर तेही मारायचं. पहाटेच्या त्या वेळेला त्यांना चुकीच्या ब्रेकपेक्षा झोप जास्त छळते. एकदा त्यातला एक पोरगा घाट संपल्यावर सपाटीला गटारात गेला. चाक पट्ट्यावरून सरकलं तेव्हा काही ओरडलं असतं, सीट हलली असती, तर कदाचित जागा झाला असता. माल गेला, हात मोडला, वाचला हे नशीब.

तुम्हाला मामा नको, मला त्या गाडीत तो हवा आहे. पण तो आहे कुठे? अण्णांच्या दोन माणसांच्या गाडीत सीट थरथरते, आणि रात्रभर चालणाऱ्या मालवाहू पिकअपमध्ये सीटबेल्टचं बक्कलसुद्धा घासून गुळगुळीत झालेलं असतं. २०१९ च्या जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग, बेल्टची आठवण, ८० च्या वर बीप हे सगळं सक्तीचं झालं, पण तो नियम प्रवासी गाड्यांचा. माल वाहणारा माणूस माणूस नाही का?

जास्त झालंय की कमी, हे कुठल्या गाडीत बसून विचारताय त्यावर आहे. आणि भाई, तुमच्या ड्रायव्हरांना तरी पुरेशी झोप मिळते ना?

माई

---

प्रेषक: भाई, साखळी

माई, रात्रीचं भाडं मी घेत नाही. पण तुमचं म्हणणं मान्य. सपाट, सरळ, रिकामा रस्ता आणि पहाटेचे चार, तिथे मामा बोलायलाच हवा.

भाई

---

प्रेषक: नाना, मस्कत

स्वीडनवाल्यांना काही उद्योग नाहीत. माझी हायलक्स २०१६ च्या आधीची आहे, हे नोंदवून ठेवावे.

नाना

---

प्रेषक: अण्णा, ह्यूस्टन
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: पिकअपमधली शहाणी यंत्रं

भाई, माई, नाना, आभार.

ठरवलंय ते असं. एबीएस आणि ईएससी दोन्ही असल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही, दोन्ही बाजूंना एअरबॅगही हव्यात. मोठा स्क्रीन, लेन सांभाळणारं स्टिअरिंग ह्यासाठी जास्तीचा पैसा मोजणार नाही. मोफत मिळालं तर बंद करायचं बटण कुठे आहे ते ताबा घेतानाच विचारून ठेवीन. पाटे वाढवणार नाही. भाऊ म्हणतो, मग दोन खेपा कराव्या लागतील. करू, आता घाई कसली आहे.

माई, माल आणायला रात्रीचा ड्रायव्हर ठेवायचा विचार होता, तो रद्द केला. सुपारी काही भाजीसारखी नासत नाही, दिवसा नेता येते.

भाई, एकच राहिलं. माल आवळायचे ते पट्टे साखळीत कुठे मिळतात? इथून दातेरी पकडीचे आणतो म्हटलं तर विमानात वजनाची भानगड आहे.

अण्णा

---

प्रेषक: भाई, साखळी

आणू नका. म्हापशाला ट्रकच्या सामानाच्या दुकानात मिळतात. हौद्याच्या कड्या मात्र वेल्डिंगवाल्याकडून जाड करून घ्या, कंपनीच्या पातळ असतात.

भाई