अनुभव धागा: घरचं लॉन कसं कापता?

मागच्या वर्षी न्यू जर्सीत घर घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मालकीचं गवत आलं. सारखं कापायला नको म्हणून मोव्हर सगळ्यात खालच्या खाचेवर लावून चक्क तासून काढलं. जुलैत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, आमच्या लॉनचा पापड, शेजाऱ्याचं हिरवंगार. त्याने सांगितलं, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही आणि इथल्या फेस्क्यू गवताला तीन-साडेतीन इंच ठेवायचं. उंच गवताची सावली मातीवर पडते, ओल टिकते, तणाला ऊन मिळत नाही. आता मे महिन्यात दर आठवड्याला कापतो, उन्हाळ्यात गवत वाढेल तसं. तुमचे अनुभव लिहा. फजितीला प्राधान्य!

डॅलसहून

आमच्याकडे उलटं. लॉन बर्म्युडाचं, म्हणजे आपली हरळी! तिला दीड इंच पुरतं. सासरे सोलापूरहून आले होते. शेतातली हरळी खणण्यात जन्म गेलेला माणूस. जावई तिला खत घालतोय बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, ती पेटवून दिली तरी मरत नाही!" गणपतीत मात्र दूर्वा विकत आणत नाही. कुंपणाजवळचा एक पट्टा आधीपासून वाढू देतो. त्यावर तणनाशक कधीच नाही.

म्युनिकहून

जर्मनीत येणाऱ्यांनो, रविवारी मोव्हर बाहेर काढू नका. घरांच्या वस्तीत रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला दिवसभर बंदी, एरवी रात्री ८ ते सकाळी ७. मी दोन पट्टे कापले नाहीत तोच शेजारच्या आजी कुंपणाशी हजर. "आज वार कोणता?" एवढंच विचारलं.

मिशिगनहून

आमच्या घरी हे खातं माझ्याकडे आहे, नवरा लिंबू सरबत करतो. पहिल्या वर्षी टाकीत पेट्रोल तसंच ठेवून मोव्हर हिवाळ्यासाठी गराजमध्ये ढकलला. एप्रिलमध्ये दोरी ओढून ओढून खांदा गेला. कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकटा बसला होता. आता शेवटच्या कापणीनंतर टाकी रिकामी होईपर्यंत इंजिन चालू ठेवते.

ब्लेडला वर्षातून एकदा तरी धार लावा. बोथट ब्लेड गवत कापत नाही, फाडतं, मग टोकं पांढुरकी दिसतात. ओलं गवत कापू नये, खाली गोळे अडकतात. ते काढताना इंजिन बंद करून आधी स्पार्क प्लगची वायर काढायची, मगच हात घालायचा. आणि मोव्हर आडवा करताना एअर फिल्टरची बाजू वर. मी उलटं केलं होतं. फिल्टरमध्ये तेल, आणि सुरू केल्यावर असा पांढरा धूर की शेजाऱ्यांना वाटलं होम मांडलाय.

कडेने दोन फेऱ्या मारून घेतल्या की वळायला जागा होते. मग सरळ पट्टे, चाक आधीच्या पट्ट्यावर थोडं चढवून. पुढच्या वेळी काटकोनात. कापलेलं गवत तिथेच पसरू देते, तेवढंच फुकटचं नत्र.

पुण्याहून

आमचं चटईएवढं कोरियन लॉन, त्यावर विजेचं मशीन. एका पावसाळी उघडिपीत वायरच कापली. फाट, आणि घरात अंधार. बायको वरून ओरडली, "गवत कापायचं होतं ना?" तेव्हापासून वायर खांद्यावरून मागे आणि प्लगपासून सुरुवात करून लांब लांब जात कापतो. ओलं असेल तर माळीबुवांची कात्री.

धागाकर्ता

मिशिगन, तुमचं वाचून लगेच ब्लेड काढायला बसलो. बोल्ट हलत नाहीये. अर्धा तास झाला.

मिशिगनहून

प्लगची वायर काढलीत? ब्लेड फिरू नये म्हणून लाकडाचा ठोकळा अडकवा. आणि घड्याळाच्या उलट दिशेने फिरवताय ना?

धागाकर्ता

आता फिरवतोय.